तिरप्या उन्हातली खानदेशी शिल्पं

[दृश्य: काळ्या पाषाणातली सुरसुंदरी, म्हणजे मंदिराच्या भिंतीवर कोरलेली देखणी स्त्री. आधी भर दुपारी, मग तीच चौकट सकाळच्या उन्हात.]

मूर्ती एकच आहे. पहिलं चित्रण दुपारी बाराचं, दुसरं सकाळी साडेसातचं. दुपारी नाक, ओठ, गळ्यातला हार सगळं एका काळ्या पट्ट्यात मिसळून गेलेलं. सकाळी ऊन बाजूने आलं आणि हाराचा मणी न् मणी सुटा दिसायला लागला. खानदेशातली उघड्यावरची शिल्पं बघायला निघताना गाडीच्या वेळेआधी उन्हाची वेळ बघायची, ती याचसाठी.

इथला दगड बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. त्याच्यात रंगाचा फरक जवळजवळ नसतो. दागिना, वस्त्राची चुणी, बोटांची पेरं ही काही मिलिमीटर उठावाची कामं फक्त सावलीवर वाचता येतात. सावली पडली नाही, तर कारागिराचं निम्मं काम डोळ्यांना दिसतच नाही.

खानदेश साधारण 21 अक्षांशावर येतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 45 अंशांच्या आसपासच असतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून हिवाळ्यात मंदिराच्या दक्षिण भिंतीवर सकाळी नऊपासून चारपर्यंत चांगला उजेड मिळतो. पूर्वेची बाजू नऊ-दहाच्या आत बघून घ्यावी, पाठीमागची पश्चिम भिंत तीननंतर. उत्तर भिंत मात्र हिवाळाभर सावलीत राहते. तिच्यावरचं कोरीवकाम उन्हात बघायचं असेल, तर एप्रिल-मेमधली अगदी पहाट किंवा संध्याकाळ साधावी लागते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भर दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण तेव्हा ऊन इतकं उभं पडतं की छज्जाची सावली सगळ्या मूर्ती गिळून टाकते.

उन्हाळ्यात दुसरीही अडचण आहे. चप्पल बाहेर काढून प्रदक्षिणेला निघालात की तापलेल्या फरशीवर चार पावलं टाकणं मुश्कील होतं. जाड सुती मोजे पिशवीत असू द्यावेत. माणशी तीन लिटर पाणी हवंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या भटकंतीचा खरा हंगाम.

[दृश्य: चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणारा रस्ता, समोर सातमाळ्याचा कडा.]

चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवर पाटणादेवी. चंडिकादेवीचं ठाणं, जवळच महादेवाचं जुनं मंदिर आणि कण्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी ही लेणी. हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वेळ आणि प्रवेश वनखात्याच्या नियमाने. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून येऊ नये, धूर करू नये, गलका करू नये.

कलेच्या इतिहासात पाटणं किंवा पाटण, म्हणजे पाटणादेवीचं हे गाव, मंदिरांच्याही कितीतरी आधी येतं. इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. त्यावर आडव्या रेघांच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या आहेत. वय सुमारे 25 हजार वर्षं. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव नक्षींमध्ये त्याची गणना होते, आणि ती नक्षी चाळीसगाव तालुक्यातल्या माणसाच्या हातची आहे.

मंदिरापाशी पोचल्यावर लगेच जवळ जाऊ नका. आधी मंदिराच्या उंचीच्या दीड-दोन पट मागे उभं राहा आणि आडवे थर ओळखा. खाली जगती, म्हणजे चौथरा. त्यावर पीठ, म्हणजे भिंतीखालची बैठक. काही मंदिरांत या पिठावर हत्तींची ओळ कोरलेली असते, तिला गजथर म्हणतात. कीर्तिमुखांची, म्हणजे सिंहासारख्या उग्र तोंडांची रांग असेल, तर ती ग्रासपट्टी. त्याच्या वर जंघा, म्हणजे भिंतीचा उभा भाग. देवता आणि सुरसुंदरी इथे असतात. मग छज्जा आणि त्यावर शिखर. हे एकदा डोळ्यांत बसलं की जवळ गेल्यावर वाट चुकत नाही. लहान मुलं बरोबर असतील, तर त्यांना गजथर द्या. प्रत्येक हत्तीची सोंड वेगळी आहे का, हे ती तासभर न कंटाळता तपासतात.

मग प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरा. घडवणाऱ्यांनी क्रम त्याच दिशेने लावलेला असतो. भिंतींवर अष्टदिक्पाल असतील, तर होकायंत्राची गरज नाही, वाहनावरून दिशा कळते. हत्ती दिसला तर इंद्र, पूर्व. मेंढा म्हणजे अग्नी, आग्नेय. रेडा यमाचा, दक्षिण. माणसावर किंवा प्रेतावर बसलेला निर्ऋती, नैर्ऋत्य. मकर वरुणाचा, पश्चिम. हरीण वायूचं, वायव्य. हातात मोहरांची पिशवी असलेला कुबेर उत्तरेला, आणि नंदी असलेला ईशान ईशान्येला. दिशा आणि वाहन जुळत नसेल, तर त्या कोपऱ्यातले दगड जीर्णोद्धारात अदलाबदल झालेले असण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीच्या अशा खुणा शोधण्यात वेगळीच गंमत आहे.

शिवमंदिराच्या बाहेरच्या देवकोष्ठांतून, म्हणजे मूर्तीसाठीच्या कोनाड्यांतून, बऱ्याचदा दक्षिणेला अंधकासुरवध, पश्चिमेला नटराज आणि उत्तरेला चामुंडा असते. चामुंडेपाशी थांबा. बरगड्या मोजता येतील अशा काढलेल्या असतात आणि खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू असतो. तो बोटभर असतो, म्हणून नजरेतून निसटतो. चामुंडा उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यात सावलीत. तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा उपयोगी पडतो. दीड-दोन फुटांचा तुकडा समोरच्या उन्हात तिरपा धरला की परतलेला मऊ उजेड मूर्तीवर पडतो आणि विंचवाची नांगीही दिसते. मोबाइलचा फ्लॅश वापरू नका. तो समोरून पडतो, सावली मारतो, मूर्ती सपाट होते.

विष्णुमूर्ती असेल, तर आयुधं उजव्या खालच्या हातापासून वाचायची: मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. हाच क्रम बदलून विष्णूची 24 रूपं होतात. घोटाळा होतो तो उजव्या-डाव्याचा. उजवा हात मूर्तीचा, आपला नव्हे.

काळ्या दगडाचा फोटो फिकट राखाडी येतो, अशी तक्रार सगळ्यांची असते. चौकटभर काळं दिसलं की कॅमेऱ्याला उजेड कमी वाटतो आणि तो चित्र उजळवतो. मोबाइलवर मूर्तीला बोट लावून शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा, काळा पाषाण काळा दिसेल. तिपाईला संरक्षित स्मारकात परवानगी लागते.

[दृश्य: शिलालेखाच्या ओळी. टॉर्चचा प्रकाश डावीकडून हळूहळू सरकतो.]

पाटणच्या मंदिराचं नाव जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे ते इथल्या शिलालेखामुळे. शके 1128, म्हणजे इसवी सन 1206-07. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत उतरतात आणि पाटणच्या बाजारातल्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा, ते सांगतात.

चाळीसगावहून सुमारे 10 किलोमीटरवर वाघळी. तिथला लेख याहून जुना, शके 991 चा, म्हणजे 1069 चा. त्यात यादव राजा सेउणचंद्राच्या काळातला गोविंदराज येतो, आणि तो स्वतःला मौर्य घराण्यातला म्हणवतो. मगधातलं मौर्य साम्राज्य संपून हजार वर्षं उलटल्यावर हे नाव खानदेशात भेटतं.

जुना लेख वाचायला साधा टॉर्च पुरतो. तो दगडाशी जवळजवळ समांतर, 10-15 अंशांत, लेखापासून दोन-तीन फुटांवरून धरायचा. आधी डावीकडून, मग वरून. एका बाजूने बुजलेली रेघ दुसऱ्या बाजूने उठते. अक्षरं देवनागरीच्या जवळची असली, तरी एक अडचण हमखास येते. त्या काळी एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दांड्यासारखी देत. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. वाचणारा ती मागच्या अक्षराचा काना समजतो आणि सगळी ओळ बिघडते. ओळीत काने फार झाले असं वाटलं, की त्यातले काही पुढच्या अक्षराला जोडून पाहा.

खडू, हळद, चुना, पावडर अक्षरांत भरणं साफ चूक. ते भरड दगडाच्या छिद्रांत बसतं, पावसात आत जातं आणि धुऊन निघत नाही. संरक्षित स्मारकाची अशी हानी हा गुन्हाही आहे. 1958 च्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

[दृश्य: धुळे–मालेगाव महामार्ग, झोडगे, माणकेश्वराचं शिखर.]

आता शिखर. धुळ्याहून मालेगावकडे जाताना महामार्गालगत झोडगे लागतं. जिल्हा नाशिकचा, बोली मात्र अहिराणी. इथलं माणकेश्वर मंदिर आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बळसाणे, ही भूमिज शैली शिकण्याची ठिकाणं. महामार्गावरून रोज हजारो गाड्या सुसाट निघून जातात आणि हे शिखर बघायला फार थोड्या थांबतात, याचं वाईट वाटतं.

भूमिज शिखर ओळखणं सोपं आहे. चारही दिशांना मधोमध खालून वरपर्यंत गेलेला एक रुंद नक्षीदार पट्टा असतो, ती लता. दोन लतांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या. कणसातल्या दाण्यांसारख्या त्या वर जाताना लहान होत जातात. प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक भूमी. खालून वर मोजा, पाच, सात किंवा नऊ भूमी भरतील. समोरच्या बाजूला लतेच्या पायथ्याशी पुढे आलेला भाग शुकनास. मोजायला दुर्बीण हवी, 8 पट मोठं दाखवणारी साधी पुरे. शिखरासाठी वेळ सूर्यास्ताच्या आधीच्या तासाभराची. तेव्हा प्रत्येक छोट्या शिखराची सावली शेजारच्यावर पडते आणि रांगा सुट्या होतात.

तापीकाठी थाळनेरला गेलात तर देवमूर्ती नाहीत, फारुकी राजवटीतल्या कबरी आहेत. त्यातल्या अष्टकोनी कबरीला आठ भिंती, म्हणजे कुठल्याही वेळी एखाद्या भिंतीवर तिरपं ऊन सापडतंच. गोल फिरत राहायचं.

[दृश्य: गावच्या मारुतीचा पार, टेकून ठेवलेले वीरगळ.]

यातल्या कुठल्याही रस्त्यावर गावची वेस किंवा मारुतीचा पार दिसला की थांबा. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, बहुधा तिथेच असतात. ते खालून वर वाचायचे. तळाला आडवा पडलेला वीर, शेजारी गाई असतील तर गोधन सोडवताना आलेलं मरण. मधे लढाई. त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती राहो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. शेंदूर असेल तर खरवडू नका, ते गावाचं दैवत आहे. पारावर बसलेल्या आबांना विचारा, त्यांच्याकडे त्या दगडाचं नाव असतं आणि पूजेचा दिवसही.

मोडतोड बघतानाही डोळे हवेत. या भागातल्या पाषाणात काही थर पांढऱ्या दाण्यांचे असतात. ते दाणे झिजून निघाले की सगळ्या अंगावर गोल खड्डे पडतात. हे हवापाण्याचं काम, घाव घातल्याचं नव्हे. घाव नाकावर, हातावर, स्तनांवर असतो आणि त्याची कड धारदार असते. सिमेंटने भरलेले सांधे दिसले, तर त्यांच्या कडेच्या दगडाला हात न लावता नीट बघा. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात उतरतात आणि पापुद्रे सुटतात. तैलरंगाने ओल आत कोंडते, तिथेही तेच होतं.

सगळ्यात वाईट पिंपळाचं रोप. सांध्यात बोटभर दिसलं, तरी मूळ आत हातभर गेलेलं असतं. ते उपटू नका, मुळाबरोबर दगड निसटतो. एक फोटो जवळून घ्या, एक लांबून घ्या, म्हणजे नेमका सांधा कळेल. भिंत कोणत्या दिशेची आणि जमिनीपासून कितव्या थरात, तेही तारखेसह लिहा. ही माहिती पहारेकऱ्याला सांगा आणि स्मारकाच्या फलकावर ज्या कार्यालयाचं नाव असेल तिथे पत्राने पाठवा. पावसाळा सुरू होण्याआधी पाठवलीत तर उत्तम, कारण रोप खरं फोफावतं ते त्या चार महिन्यांत.