पार्ट टू

[दृश्य: दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातलं अंगण. खाटेवर जुनं लुगडं, त्यावर कुरडया वाळताहेत.]

२०१६ चा मे महिना. ऊन ४५ अंशांवर. पऱ्हाटी उपटून रानं मोकळी झालेली, लग्नाच्या तिथी दाट, आणि डीजेवर फक्त 'झिंगाट'. 'सैराट' २९ एप्रिलला लागला होता. १०० कोटींच्या वर गल्ला जमवणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. त्यात आमच्या गावाचा वाटा किती, हे मात्र विचारू नका.

कारण आमच्याकडे 'सैराट' मेमरी कार्डातून आला. फुटलेली, चोरटी प्रत. मोबाइल दुकानात वीस रुपये टेकवले की कार्ड भरून मिळायचं. फाइल दोन तुकड्यांत होती, पार्ट वन आणि पार्ट टू. ज्याचं कार्ड भजनांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी आधीच भरलेलं, त्याला पार्ट वनच पुरायचा. त्यामुळे गावातल्या निम्म्या पोट्ट्यांना आठ-दहा दिवस वाटत होतं की आर्ची-परशा पळाले, सुटले, सिनेमा संपला. त्यांच्यात मीही होतो.

[दृश्य: जुना कीपॅडचा मोबाइल, पाठीमागचं झाकण रबरानं बांधलेलं.]

तिकडे शहरात, समीक्षकांचा वादही याच दोन तुकड्यांवरून चालला होता. सिनेमा फेब्रुवारीतच बर्लिनच्या महोत्सवात दाखवून झाला होता. शाळकरी रिंकू राजगुरूच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला होता. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा, अजय-अतुल यांचं संगीत, करमाळ्याकडचं ते रान, यावर जवळपास सगळे खूश. कुरकुर होती ती लांबीची. १७४ मिनिटं! मध्यंतरानंतर हैदराबादच्या झोपडपट्टीत गोष्ट रेंगाळते, असं काहींनी लिहिलं. काहींना उलट तिथंच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांची खरी ताकद दिसली.

पारावरची समीक्षा लवकर आटोपली. "पोट्टे बिघडून रायले," एवढंच. मुलगी पाटलाची, मुलगा मासेमाऱ्याच्या घरचा. पण जातीचं नाव पारावर कोणी काढलं नाही. सगळे फक्त पोरांच्या वयावर बोलले. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला, तेव्हा जातीची धार बोथट केली म्हणून समीक्षकांनी त्याला धारेवर धरलं. आमच्या पारानं ते काम आधीच करून ठेवलं होतं.

बायांचं निराळं. एका लग्नाहून येताना काळीपिवळी सरळ अमरावतीच्या टॉकीजकडे वळवली गेली. अकरा जणी, मांडीवर तीन लेकरं, आणि सोबतीला पुरुष माणूस पाहिजे म्हणून मी. माझा पार्ट टू असा मोठ्या पडद्यावर पाहून झाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कुरडयांचा घाट होता. पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता, सोऱ्या फिरत होता. मी शहाण्यासारखं म्हटलं, "दुसरा भाग लांबला बरं का." पेपरात वाचलेलं होतं. काकूनं हातातला सोऱ्या थांबवला.

"तुले लांबला वाटते. तिले पायटी उठून पाणी कुठून आणाव समजत नाही, शेजारीण काय बोलते कळत नाही, त्या पोट्ट्याशिवाय वळखीचं मानूस नाही. माय आठोते. ते पळून गेली म्हणून तिले माहेर आठवलं, अन् आमी वाजतगाजत आलो तं आमाले आठवलं नाही काय?"

बाकीच्या जणी काही बोलल्या नाहीत. एकीनं फक्त चुलीतलं लाकूड आत सारलं. मी हैदराबादच्या त्या खोलीकडे पळून गेलेल्या जोडप्याची खोली म्हणून पाहत होतो. या बायांना ती खोली सासर म्हणून ओळखू आली होती. एवढी सरळ गोष्ट मी वाचलेल्या एकाही परीक्षणात नव्हती.

[दृश्य: कच्च्या रस्त्यानं पिशवी घेऊन येणारा माणूस. चेहरा दिसत नाही.]

शेवटाबद्दल खूप लिहून आलं. आवाज गेलेला पडदा, लहान पोराची रक्तानं उमटलेली पावलं. टॉकीजमध्येही तेव्हा चिडीचूप होतं. पण आमच्या ओळीतल्या बाया त्याच्या बऱ्याच आधी गप्प झाल्या होत्या. आर्चीचा भाऊ आईनं दिलेलं सामान घेऊन दारात येतो, तिथं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हा भाऊ माहीत आहे. सासुरवाशीण वाटेकडे डोळे लावून बसते, आणि भाऊराया माहेरची साडीचोळी घेऊन येतो. बाईच्या गाण्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण. मंजुळे यांनी मारेकरी नेमके त्याच क्षणातून घरात घेतले. आर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते, तेव्हा काकूनं माझं मनगट धरलं होतं. पडद्यावर अजून काहीच झालेलं नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधी शेजारच्या वहिनीला न्यायला तिचा भाऊ आला. फटफटीला पिशवी अडकवलेली. काकू कुंपणावरून ओरडली, "पाय व, पिशवी घेऊन आला तुहा भाऊ!" सगळ्या खो खो हसल्या. वहिनीही हसली. मग तिनं भावाच्या हातात पाण्याचा गडवा दिला, पिशवी आत नेली, आणि चहाचं आधण ठेवण्याआधी उघडून पाहिली.

साडी होती, सांडग्या होत्या, आणि लेकरासाठी खारी बुंदी.