इनामगावच्या घरांखालची मुलं

(दृश्य: पंचगंगेचा काठ, ब्रह्मपुरी)

ही कोल्हापूरची ब्रह्मपुरी टेकडी. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. याच टेकडीतली, सातवाहनांच्या काळातली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती कोल्हापूरकर टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघतात. पण सातवाहनांच्याही हजारभर वर्षं मागं जायचं, तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला जावं लागतं.

(दृश्य: उत्खननाची जुनी छायाचित्रं)

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात इथं शेतकरी राहत होते. १९६८ पासून डेक्कन कॉलेजनं इथं अनेक वर्षं खणलं. दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की राहत्या घराखालीच खड्डा घ्यायचा. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मुलाला निजवायचं. मोठ्यांना उत्तरेकडं डोकं करून पुरत, आणि त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत. मेलेलं माणूस भूत होऊन हिंडू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क.

मडक्यातलं मूल केवढं होतं, हे दातांवरून कळतं. हिरडीबाहेर न आलेला दातही जबड्यात घडत असतो. मुलगा की मुलगी, हे मात्र नुसत्या हाडांवरून ठरत नाही. कमरेच्या हाडांतला तो फरक वयात आल्यावर उमटतो.

(दृश्य: दात, अगदी जवळून)

या चकाकत्या थरावरची आडवी बारीक खाच बघा. मूल फार आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, की हा थर नीट चढत नाही. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं. हा थर पुन्हा भरून येत नाही. कुठल्याही शिलालेखात नाव न आलेल्या पोराचं दुखणं तीन हजार वर्षांनी आपल्याला कळतं! मला या अभ्यासात याहून मोलाचं काही वाटत नाही.

हे कळतं, कारण सांगाडा जागेवर, होता तसा बघितलेला असतो. ब्रशनं माती सोडवायची, फोटो काढायचे, मापं घ्यायची, मगच हाड उचलायचं. म्हणून कळकळीनं सांगतो: पाया खणताना जेसीबीखाली खापरं आणि हाडं दिसली, तर काम थांबवा. हाडं उचलू नका, धुऊ नका. आधी पोलिसांना आणि संग्रहालयाला कळवा. पाऊल मुळातच तोडलेलं होतं की उकरताना हरवलं, हे एकदा सांगाडा हलला की कुणालाच सांगता येत नाही.