कोंडा

(भात गिरणी. पहिले काही सेकंद नुसता यंत्राचा आवाज.)

भात भरडलं की आधी सुटतं ते तूस. बाहेर ढीग लागलाय तो त्याचाच. त्यात सिलिका भरलेली, कोंबडीला ते पचत नाही. कोंबडीच्या खाद्यासाठी बघायचं ते पलीकडच्या तोंडाकडे. तपकिरी दाणा घासून पांढरा होतोय आणि खाली पोत्यात भुकटी पडतेय. हातात घेतली तर मऊ, जराशी तेलकट. हाच कोंडा.

१०० किलो भातामागे कोंडा निघतो ८ ते १० किलो. बोलताना लोक त्याला सरळ टाकाऊ म्हणतात. तांदळाचा अंकुर यात, ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटा यात, १२ ते १४ टक्के प्रथिनं यात. टाकाऊ कशाला म्हणायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

(जुनी छायाचित्रं.)

ही गोष्ट उघडकीला आली तीही कोंबड्यांमुळेच. १८९०च्या आसपास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लटपटायला लागल्या, पाय उचलेनात. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नव्या माणसानं साफ नकार दिला! कोंबड्या पुन्हा साध्या, न घासलेल्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. आइकमन यांना वाटलं, पांढऱ्या तांदळात विष असावं आणि कोंडा हा त्यावरचा उतारा. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी गेरिट ग्रेन्स यांनी ते उलटं करून मांडलं: तांदळात विष नाही, घासताना काहीतरी गरजेचं निघून जातंय. त्यालाच आज आपण ब१ जीवनसत्त्व म्हणतो. १९२९ च्या नोबेल पुरस्कारात आइकमन यांचा वाटा होता. स्वयंपाक्याचा नव्हता.

(शेड. फावड्यानं खाद्य कालवणं सुरू.)

आता कालवण बघा. मक्याचा भरडा, सोयापेंड, वरून कोंडा. कोंडा १०० किलोत १०-१५ किलो, बेताचाच. यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो सोडवून घेता येत नाही. त्यासाठी फायटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, चिमूटभर मिसळतात. पण चिमूट आधी मूठभर कोंड्यात, मग घमेलंभर कोंड्यात, मग ढिगात. एकदम टाकलं तर एका कोपऱ्यातच राहतं.

चोच नीट पाहा. आधी पिवळे, जाड कण वेचले जातात, भुकटी तळाशी उरते. म्हणून गव्हाणी सारखी भरायची नाही. दिवसातून एकदा तळ दिसू द्यायचा, म्हणजे कोंडाही पोटात जातो. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं. त्यात निवडानिवड चालली तर आपण केलेलं सगळं मोजमाप फुकट.

(पोत्याचं तोंड उघडताना. हात, नाक.)

हा वास घेणं म्हणजेच तपासणी. दाण्यावरून कोंडा सुटला की त्यातलं विकर त्याच्याच तेलाला फोडायला लागतं. ताजा कोंडा गोडसर वासाचा. काही दिवसांनी तोच खवट. गिरणीत वाफेवर किंवा उष्णतेनं विकर मारलं असेल किंवा तेल काढून घेतलं असेल तर तो जास्त टिकतो. तेल काढलेल्यात ताकद मात्र कमी. मुठीत टोचला, तर समजायचं तूस मिसळलंय.

(बशीत फोडलेली दोन अंडी.)

डावीकडचा बलक फिका. मका कमी, कोंडा जास्त. पिवळा रंग मक्यातून येतो, कोंड्यात तो नाही.

खवट किंवा बुरशी आलेला कोंडा गेला तर अंडी घटतात, पक्षी आजारी पडतात.

(संध्याकाळ. शिंपल्यांचे जाड तुकडे टाकताना.)

कॅल्शियम कोंड्यात नावालाच, म्हणून हे दिवस मावळताना. अंड्याचं कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, रात्रभर पुरतात.

(दिवा मालवतो. कोंबड्यांची कुजबुज चालू राहते.)