आधी छप्पर, मग शेगडी

‘गॅस सोडून विजेची इंडक्शन शेगडी घेतली तर प्रदूषण थांबेल ना?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या घराला छप्पर कसलं आहे, त्यावर सोलर पॅनेल बसतील का?

मंडळी, आपल्या घरी बटण दाबल्यावर येणारी वीज बहुतांशी कोळशाची आहे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचं १३२० मेगावॅटचं वीज केंद्र कोळशावरच चालतं. देशाच्या ग्रिडमधल्या, म्हणजे वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता हिशोब करा. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात, म्हणजे जवळपास ९० किलो. धूर आपल्या स्वयंपाकघरातून गेला, पण फताटेवाडीच्या चिमणीतून दुपटीने निघाला.

स्कूटरचं गणित मात्र वेगळं आहे. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गाडी पंचेचाळीसेक किलोमीटर जाते. विजेची स्कूटर तेवढंच अंतर दीड युनिटाच्या आत कापते, म्हणजे कोळशाची वीज धरूनही एक किलोच्या आसपास. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा नुसती तापण्यात जाते, त्याचा हा फरक. म्हणून स्कूटर आज बदला, शेगडी छपरावर सोलर बसवल्यानंतर.

छपराचं सांगते. घराच्या छपरावर सोलर पॅनेल बसवायला केंद्र सरकारची फेब्रुवारी २०२४ पासूनची सूर्यघर योजना आहे, तिच्यात ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. जागा अंदाजे ३०० चौरस फूट लागते, आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. तुम्ही वापरली नाही ती नेट मीटरमधून, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त. तसं नाही. पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते, आणि सोलापूरच्या उन्हात ते चांगलंच तापतं. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. आणखी एक, बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर तुमचं सोलरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे.

आता भाकरी. बायका मला हेच आधी विचारतात, आणि बरोबरच विचारतात. इंडक्शनला सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्या, खोलगट चालत नाही. पाणी फिरवलेली बाजू सुकली की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजून घ्यायची, मग पुन्हा उलटून सुती फडक्याने कडा दाबत फिरवायची. जाळावर न धरता तव्यावरच टम्म फुगते. कडक भाकरी मंद आचेवर वाळवायची असेल तर काच तापवून उष्णता देणारी इन्फ्रारेड शेगडी बरी. बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ गरम राहते. शेगडीला १६ अँपिअरचा प्लग आणि स्वतंत्र वायर हवी. जुन्या पेठांतल्या घरांत आधी वायरिंग तपासून घ्या, मगच शेगडी आणा. आंघोळीच्या पाण्याला विजेचा गीझर नको, सोलर बंब लावा. उन्हाळ्यात तर टाकीतलं पाणीच कडत असतं.

मला काळजी आहे ती सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याने राहणाऱ्या यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायकांची. बिल भाडेकरू भरतो, छप्पर मालकाचं. पॅनेलचा फायदा दुसऱ्याला होणार म्हटल्यावर मालक पैसे घालत नाही. छपरावर उभ्या असलेल्या योजनेचा फायदा या घरांपर्यंत सहज पोचत नाही, आणि पाच-सहा भाडेकरूंनी मिळून एक छप्पर वापरण्याची वाट सोपी झाल्याशिवाय तो पोचणंही अवघड आहे. तोवर त्यांच्या हातात स्कूटर आहे. तिला छप्पर लागत नाही, एक प्लग आणि चांगलं अर्थिंग पुरतं.