नवतपा आणि प्रवाळ

नागपुरात घरी खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय उभारू पाहणाऱ्याने काचेची मापे ठरवण्याआधी मे महिन्याचा विचार करावा. प्रवाळांना साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या अतिउष्ण नऊ दिवसांत, इथला पारा 45 अंशांच्याही वर चढतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करून त्याला पुरवत असतात. पाणी प्रमाणाबाहेर तापून तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते, प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उपासमारीने मरू शकते.

उदाहरणादाखल सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरू. ती काठोकाठ भरली, तर तिच्यात सुमारे 680 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन सातशे किलोच्या आसपास होते आणि काच, खडक, वाळू व लोखंडी स्टँड धरून एकूण भार टनाच्या घरात जातो. म्हणून तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर टाकी ठेवायची असेल, तर आधी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा. एवढी मोठी टाकी घेण्यामागे हौसेपलीकडचे कारण आहे: पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान आणि क्षारता सावकाश बदलते, आणि चूक सुधारायला वेळ मिळतो.

पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून शहराला मिळणारे पाणी पिण्यास योग्य असले, तरी त्यातील क्लोरीन आणि विरघळलेले क्षार प्रवाळांना चालत नाहीत. घरातला पिण्याच्या पाण्याचा आरओही इथे पुरत नाही, कारण चवीसाठी काही क्षार त्यात मुद्दाम राखलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दाखवणारे पाणी मिळवावे आणि त्यात समुद्री मीठ विरघळवावे. या टाकीला तसे सुमारे 25 किलो मीठ लागते. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून तो उजेडाकडे धरला, की आत निळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या मधली रेघ दिसते. ती 35 या आकड्यावर, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार, अशी असावी.

ही रेघ उन्हाळ्यात जागेवर राखणे हे इथले रोजचे काम आहे. टाकीतले पाणी केवळ एक सेंटिमीटर उतरले, तरी अकरा लिटर उडालेले असते; पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची कधीही नाही. कोरड्या हवेत संपवर, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीवर, लावलेला साधा पंखा पाणी चांगले थंड करतो. परंतु त्याच खोलीत कुलर सुरू झाला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग घटतो. पावसाळ्यातही तेच घडते. नागपूरसाठी चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आवश्यकच आहे आणि तो बंद कपाटात न ठेवता त्याची गरम हवा बाहेर जाईल असा बसवावा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी हीटरही लागतो.

वीज गेली की टाकीतले पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरून खाली संपमध्ये येते. दोन सेंटिमीटर उतरले तरी बावीस लिटर होतात, म्हणून संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी राखावी आणि निदान एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलते ठेवून त्यात प्राणवायू मिसळू देणारा पंप, इन्व्हर्टरवर जोडावा. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

टाकीत काय ठेवायचे, याला कायद्याची मर्यादा आहे आणि ती आम्हाला योग्य वाटते. खडक बांधणारी कठीण प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रपंख्यांना (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळांना) आणि समुद्रघोड्यांनाही तेच संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला ‘जिवंत’ खडक म्हणजे बहुधा प्रवाळांचाच सांगाडा असतो, तेव्हा तोही घेऊ नये. कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावा, कागदपत्रे पाहून मोजकी मऊ प्रवाळे घ्यावीत, आणि मासे हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले निवडावेत. विदूषक माशाच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेले असल्यामुळे त्याच्यासाठी समुद्रात जाळे टाकण्याची गरज उरलेली नाही.

उभारणीला दसऱ्यानंतरचा काळ सोयीचा. खडकावर जिवाणू वाढून अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होऊ लागण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय एकही मासा सोडू नये. त्यानंतर आधी मासे, तेही एकेक करून, आणि मग प्रवाळे, असा क्रम ठेवला म्हणजे होळीपर्यंत टाकी स्थिरावते आणि चिलरची तपासणी उन्हाळ्यापूर्वी उरकता येते.