टेबलाशिवाय फोरहँड

(दृश्य: बाकं भिंतीला सरकवलेला वर्ग. मधोमध डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारं उपकरण, घातलेली मुलगी.)

हिच्यासमोर टेबल नाही, चेंडू नाही. पण पाय बघा. डावा पाय पुढे, गुडघे जरासे वाकलेले. हेडसेटच्या आत टेबल टेनिसचं पावणेतीन मीटरचं टेबल मांडलंय आणि पलीकडून चेंडू सुटलाय.

नववीचा पी.टी.चा तास. खऱ्या टेबलापाशी रांग लागते. ज्याचा चेंडू सारखा जाळीत जातो, तो सगळ्यांदेखत जातो. पुढच्या तासाला ते पोर आपणहून रांगेत मागे सरकतं. उसने आणलेले तीन हेडसेट आधी याच मुलांना दिले. इथे चेंडू वेचायला धावायचं नाही, आणि चुकलेला फटका बघायला कोणी नाही.

(दृश्य: मनगट, अगदी जवळून.)

पहिल्या दिवशी तिने बॅटऐवजी हातात असलेला कंट्रोलर आवळून धरला होता, नखं पांढरी पडेपर्यंत. सरांनी हेडसेटमधल्या चेंडू सोडणाऱ्या यंत्राचा वेग कमी केला. खरा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, समोर दिसेपर्यंत निघून जातो. इथे तो सावकाश येतो. टप्पा कुठे पडला ते नजरेला कळतं, मग हात निघतो. "मनगट सैल सोड गं," सर म्हणतात. चौथ्या तासाला मूठ आपोआप सुटली.

ही कल्पना जुनी आहे. १९९७ साली तोदोरोव्ह, शॅडमेहर आणि बिझी या संशोधकांनी शिकणाऱ्याची बॅट आणि शिक्षकाची बॅट संगणकाच्या पडद्यावर एकत्र दाखवली. आपली बॅट कुठे भरकटते, ते फटका मारता मारताच दिसायचं. तेवढाच सराव खऱ्या टेबलावर केलेल्यांपेक्षा ही मंडळी सरस ठरली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात ५७ जणांवर प्रयोग झाला; हेडसेटमध्ये खेळलेले, काहीच सराव न केलेल्यांपेक्षा खऱ्या खेळात पुढे गेले. सरांची गरज संपते, असं मात्र त्यातून निघत नाही.

(दृश्य: मुलगा हवेत हात टेकायला जातो, सर दंड धरतात.)

नसलेल्या टेबलावर टेकायला निघाला होता. म्हणून प्रत्येकामागे एक जण उभा. कुणाला गरगरतं, त्याचा हेडसेट लगेच उतरवतात. किंमत शाळेला परवडणारी नाही.

(दृश्य: खरं टेबल.)

आता खरी बॅट. "सर, ही जड लागतेय." पहिला चेंडू जाळीत. दुसरा टेबलाबाहेर. रांग बघतेय. मुलगी मात्र मागे सरकलेली नाही.

तिसरा.

(निवेदन थांबते. फक्त चेंडूचा आवाज.)