संध्याकाळी दिसेनासं झालं, तर पोटाचंही सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

चाळिशीतला एक शेतकरी मध्यंतरी माझ्याकडे डोळे दाखवायला आला. दिवसा नजर चांगली, पण दिवस मावळला की बायकोचा हात धरल्याशिवाय बांधावरून चालता येईना. घरचे म्हणत, चष्मा लागला असेल. खाण्याचं विचारलं, तर ज्वारीची भाकरी, शेवग्याचा पाला, दूध, सगळं व्यवस्थित. मग मी शौचाचं विचारलं. आधी तो लाजला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, पांढरट अन् तेलकट होती. कितीबी पाणी टाका, जात नाही."

दुखणं तिथं होतं. दारूपायी त्याचं स्वादुपिंड निकामी होत आलं होतं.

त्याच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी पडलं होतं, म्हणून संध्याकाळी दिसेना. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं. ते रक्तात उतरायला जेवणात थोडं तेल लागतं, ते पचवायला यकृतातलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लागतो, आणि आतड्याचं अस्तर धड असावं लागतं. जुनी कावीळ, महिनोन्‌महिने चालणारे जुलाब, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक आजार, आतड्याचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन, यातलं काहीही झालं तर खाल्लेलं अंगी लागत नाही. अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींचं रंगद्रव्य याच जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणून आधी रातांधळेपणा येतो. यकृतातला साठा कित्येक महिने पुरतो. त्यामुळे पोट बिघडतं आज आणि नजर जाते फार पुढं, दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

लहान मुलांचं मात्र झपाट्यानं बिघडतं. जुलाब किंवा गोवरानंतर मूल संध्याकाळी चाचपडत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बुबुळ मऊ पडून फुटलं, तर गेलेली नजर परत येत नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस सरकारी दवाखान्यात मिळतात, ते चुकवू नका.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. ते शोषायला जठराचा स्राव आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याची नस सुकू लागते, समोरचं धूसर आणि रंग फिके दिसतात. आपल्याकडं शाकाहारी घरं पुष्कळ, त्यात जठराचा आजार असेल तर रक्त तपासून घ्याच.

मेडिकलमधून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं आणू नका. जास्तीचं यकृतात साचतं, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्यानं व्यंग येऊ शकतं.